बदल पूर्ववत करत आहोत

माझ्या धाकट्या दिरांना त्यांच्या ऑफिसात 'रीस्टार्ट' म्हणतात. तोंडावर कोणी म्हणत नाही, पण भाऊजींना माहीत आहे. कोणाचाही कम्प्युटर अडला की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "बंद करून परत चालू केलात का?" बहुतेक वेळा तेवढ्यानेच काम होतं. मग समोरचा माणूस ओशाळतो आणि ओशाळला म्हणून चिडतो, तेही भाऊजींवरच.

एका मोठ्या इमारतीतले सगळे कम्प्युटर त्यांच्या गळ्यात आहेत. लोक त्यांना जिन्यात गाठतात, लिफ्टमध्ये गाठतात, हात धुताना गाठतात. "जरा बघता का, दोन मिनिटांचं काम आहे." दोन मिनिटांचं काम या जगात नसतं, हे मी पडदे शिवून शिकले आणि भाऊजी कम्प्युटर दुरुस्त करून. फरक एवढाच की मी गिऱ्हाइकाला तसं तोंडावर सांगते. भाऊजी "बघतो" म्हणतात आणि जेवणाचा डबा पुन्हा बंद करतात.

पन्नाशी ओलांडली त्यांनी. खांद्याला काळी बॅग, तिचा पट्टा मी दोनदा शिवून दिलाय. डोळे कायम लाल, चष्मा कायम कपाळावर. लग्न राहिलं. "राहिलंच," असं ते स्वतःच सांगतात, दूध आणायचं राहिलं म्हणावं तसं. पलीकडच्या गल्लीत एका खोलीत एकटे राहतात आणि संध्याकाळी जेवायला आमच्याकडे येतात. माणूस सोन्यासारखा, पण जेवताना घास हातात धरून डुलक्या काढतो. मी ओरडते, ते दचकून म्हणतात, "जागा आहे, वहिनी."

आमचे हे त्यांच्याहून मोठे. छापखान्यात कम्प्युटरवर मजकूर टाईप करायचा, पानं लावायची, हे यांचं आयुष्यभराचं काम. आणि आवाज असा, की घरात बोलले तर खालच्या औषधांच्या दुकानातलं गिऱ्हाईक मान वर करून बघायचं. मी म्हणायचे, "अहो, हळू. मी इथेच आहे." काय बोलून बसले होते! घशाचं दुखणं निघालं. डॉक्टर म्हणाले, स्वरपेटी काढावी लागेल, जीव वाचेल, आवाज जाईल. ते ऐकून हे गप्प बसले. त्या दिवसापर्यंत यांना इतका वेळ गप्प बसलेलं मी पाहिलं नव्हतं.

तेव्हा भाऊजींनी रजा टाकली. माणूस ताप अंगावर काढतो पण रजा घेत नाही, त्याने ऑपरेशनच्या आधीचा सगळा आठवडा रजा घेतली. माईक आणला, खिडक्या बंद केल्या, पंखा बंद केला आणि यांच्याकडून एकेक वाक्य बोलवून घेतलं. "पाणी दे." "कोण आहे?" "दार लावून घे." "चहात साखर जास्त झाली." "छोट्या, इकडे ये." छोट्या म्हणजे भाऊजी. डोकं पांढरं झालं तरी यांच्यासाठी ते छोट्याच. शेवटच्या संध्याकाळी भाऊजींचं आपलं चालूच होतं, "दादा, हे एकदा पुन्हा घेऊ, ते एकदा पुन्हा घेऊ." हे वैतागले आणि म्हणाले, "पुरे आता. घरी जा. झोप जरा." माईक चालू होता. तेही रेकॉर्ड झालं.

ऑपरेशन पार पडलं. हे घरी आले तेव्हा गळ्यात श्वासाची नळी होती आणि आवाज नव्हता. भाऊजींनी कम्प्युटरच्या पडद्यावर चौकोनी बटणं मांडून दिली होती. बटण दाबलं की यांचं वाक्य यांच्याच आवाजात बाहेर पडायचं. पहिल्यांदा "चहात साखर जास्त झाली" ऐकलं तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं आणि साखर कमी घातली. पाहुणे यायचे आणि यांना बोलता येत नाही म्हणून यांच्याशीच मोठ्याने ओरडून बोलायचे. मग भाऊजींनी लिहून दिलेल्या वाक्यांतलं सर्वांत उपयोगी बटण हे दाबायचे, "मला ऐकू येतं, ओरडू नका." ज्याचं वाक्य नव्हतं ते हे टाईप करायचे आणि ते कम्प्युटरमधली एक बाई बोलून दाखवायची. सपाट, गोड, बातम्या दिल्यासारखं. मी तिला सवत म्हणते.

सगळ्यात खालच्या कोपऱ्यातलं बटण होतं, "पुरे आता. घरी जा. झोप जरा." भाऊजींनी ते गंमत म्हणून ठेवलं होतं. ते मात्र यांनी कधी दाबलं नाही. कसं दाबणार? भाऊजी घरी गेले आणि मशीन बंद पडलं तर?

हा कम्प्युटर माझ्या शिलाई मशीनवर मांडलाय. पुढच्या खोलीत दुसरी जागाच नाही. फळी टाकून त्यावर यांचं मशीन, खाली माझं. महत्त्वाची शिलाई निघाली की सगळं उचलून ठेवायचं, म्हणून मी हल्ली हातानेच टाके घालते. असो.

तर एके दिवशी पडद्यावर सूचना आली की नवीन अपडेट आलंय. भाऊजी म्हणाले, "टाकून घेऊ, नाहीतर हा मधेच स्वतःहून बंद-चालू व्हायला लागेल." लावलं. गोल गोल फिरलं, टक्के वाढत गेले, भाऊजी आणि मी आत जेवायला बसलो. परत येऊन बघतो तर पडद्यावर लिहिलेलं, 'अपडेट पूर्ण करता आले नाही. बदल पूर्ववत करत आहोत. संगणक बंद करू नका.' आणि बराच वेळ घेऊन तो होता तिथेच परत आला. ये रे माझ्या मागल्या.

भाऊजींना त्याचं काही वाटलं नाही. म्हणाले, होतं असं. दुसऱ्या संध्याकाळी जागा कमी असेल म्हणून जुन्या फाइली काढल्या. पुन्हा तेच. मग अर्धवट उतरलेलं अपडेट पुसून नव्याने उतरवलं. तेच. मग प्रिंटर काढला, पडद्यावरच्या काळ्या खिडकीत काहीतरी आज्ञा लिहून मशीनच्याच फाइली तपासायला लावल्या, त्याने तपासल्या आणि सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं. डॉक्टर "रिपोर्ट नॉर्मल आहेत" म्हणतात आणि दुखायचं थांबत नाही, तसला प्रकार. "नेमकं घोडं कुठे पेंड खातंय ते कळत नाही, वहिनी," भाऊजी म्हणायचे. दिवसभर तिकडे लोकांचे कम्प्युटर, संध्याकाळी इकडे भावाचा. डोळे अजून लाल झाले. अपडेट पुढे ढकलता येतं तितकं ढकलून झालं होतं, आता ते वाटेल तेव्हा आपलं आपण सुरू व्हायचं आणि प्रत्येक वेळी फसायचं. ते परत जागेवर येईपर्यंत आमचे हे मुके.

आणि मग तो दुपारचा फोन आला.

मी एका गिऱ्हाइकाकडे खिडक्यांची मापं घ्यायला गेले होते. यांचा फोन. असं आमचं ठरलेलं होतं, फोन लावायचा, कम्प्युटरजवळ धरायचा आणि बटण दाबायचं. मी "बोला" म्हटलं. पलीकडून काही नाही. नुसता खरखर श्वास, आणि मधेच काहीतरी आपटल्याचा आवाज. मेसेज का नाही केला, असं नंतर सगळ्यांनी विचारलं. जीव घाबरा झाला की माणूस हाकच मारतो, मेसेज करत नाही. मी भाऊजींना फोन केला, त्यांचं ऑफिस जवळ. ते जिने धावत उतरले, आमचे धावत चढले. नळीत कफ अडकला होता. नर्सबाईंनी शिकवलं होतं तसं भाऊजींनी नळी साफ केली. मी पोहोचले तेव्हा हे पलंगावर निळेपांढरे होऊन बसले होते, भाऊजी खाली जमिनीवर. आणि पडद्यावर लिहिलेलं होतं, 'बदल पूर्ववत करत आहोत. संगणक बंद करू नका.'

त्या दिवसापासून मी यांना एकटं सोडणं बंद केलं. बाहेरची कामं तुंबली, गिऱ्हाइकं नाराज झाली, होऊ देत. भाऊजी म्हणाले, "आता हे पूर्ण केल्याशिवाय मी थांबत नाही." रोज यायचे, लावायचे, आणि रोज पालथ्या घड्यावर पाणी. एकदा तर स्टुलावर बसल्या बसल्या झोपले आणि चहा सगळा मांडीवर. जागे होऊन काय म्हणाले असतील? "किती टक्के झाले?"

मला त्यांची दया आली आणि त्या यंत्राचा असा राग आला की लाटण्याने फोडावं.

मग एका संध्याकाळी मी ते पाहिलं. अपडेट सुरू होतं. भाऊजींना ऑफिसातून फोन आला म्हणून ते गॅलरीत गेले. मी स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभी होते. हे खुर्चीतून जरा पुढे झुकले, गॅलरीकडे एक नजर टाकली, अंगठा कम्प्युटरच्या बटणावर ठेवला आणि दाबून धरला. पडदा काळा होईपर्यंत. मग पुन्हा एकदा दाबून चालू केला आणि मांडीवर हात घेऊन शहाण्यासारखे मागे टेकून बसले.

भाऊजी आत आले, पडद्याकडे बघितलं, म्हणाले, "परत फसलं वाटतं," आणि स्टूल ओढून बसले. हे खिडकीबाहेर बघत होते.

भाऊजी गेल्यावर मी यांच्यासमोर उभी राहिले. "हे काय चाललंय तुमचं? तो माणूस मरायला टेकलाय!" हे कितीतरी वेळ टाईप करत राहिले, पुसत राहिले. शेवटी सवत गोड आवाजात बोलली, "छापखान्यातले डबे आठवतात का?"

आठवत होते. न आठवून कसं चालेल? बऱ्याच वर्षांपूर्वी छापखान्यातल्या कम्प्युटरांवर भाऊजींनीच अपडेट टाकलं होतं. मालकानेच बोलावलं होतं त्यांना, घरचा माणूस म्हणून. दुसऱ्या दिवशी यांनी फाइली उघडल्या तर अक्षरं गायब. सगळ्या मजकुराच्या जागी रिकामे चौकोनी डबे, ओळीच्या ओळी. जुना फाँट नव्या मशीनला ओळखूच येईना. भाऊजी म्हणाले होते, कॉपी ठेवलीय. होती की! कॉपीतही डबेच. मालक भाऊजींवर धावून गेला तेव्हा हे मधे पडले, "माझा भाऊ आहे. ओरडायचं ते मी ओरडेन." आणि ओरडले मात्र कधीच नाहीत. सगळा जुना मजकूर पुन्हा टाईप करत बसले, महिनोन्‌महिने. त्या गोष्टीचा विषय आमच्या घरात पुन्हा निघाला नाही.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. इथे तर ताकात यांचा आवाज होता, उरलेला सगळा. "मग तसं भाऊजींना सांगायचं," मी म्हटलं. सवत म्हणाली, "त्याला लागेल. सांगू नकोस."

मी सांगितलं. का नाही सांगणार? दुसऱ्या दिवशी भाऊजी जिना चढून येताना मी त्यांना जिन्यातच गाठलं, त्यांच्या ऑफिसातल्या लोकांसारखं. म्हटलं, "भाऊजी, तुमच्या मशीनला काही झालेलं नाही. तुमचे दादा बटण दाबतात."

भाऊजींनी बॅग खाली ठेवली आणि पायरीवर बसले. "माहितीय, वहिनी."

"माहितीय?"

"मशीनला कळतं ना, लाईट गेली का कोणी बटण दाबून धरलं ते. त्याची नोंद राहते आत. त्या फोनच्या दिवसानंतर मी ती बघितली. त्या दुपारीसुद्धा त्यानेच दाबलं होतं."

"मग रोज येऊन काय करत होतात?"

"बसत होतो." त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "म्हटलं, कधीतरी कंटाळून बोलेल."

"आणि तुम्ही स्वतः विचारलं असतं तर?"

"त्याची सगळी अक्षरं एकदा मी घालवलीत, वहिनी. आता माझ्यावर विश्वास ठेव, असं कुठल्या तोंडाने म्हणू? आणि त्याला पकडल्यासारखं नको वाटायला. आधीच त्याचं किती गेलंय."

मला खरं सांगायचं तर दोघांच्या एकेक ठेवून द्यावीशी वाटली. आपलेच दात, आपलेच ओठ. एकाला बोलता येत नाही आणि दुसरा बोलत नाही. मधल्या मधे यांचा जीव जाता जाता राहिला. मी तशीच वर गेले, भाऊजींना मागे घेऊन, आणि पुढच्या खोलीत उभी राहून म्हणाले, "अहो, तुम्ही बटण दाबता ते भाऊजींना माहीत आहे. आणि भाऊजी, यांना आवाजाचे डबे होतील अशी भीती वाटतेय. झालं. आता काय ते तुम्ही दोघं बघा." आणि स्वयंपाकघरात गेले. कान अर्थात बाहेरच होते.

सवतीचा आवाज आला, "चिडलास का?"

"नाही."

"झाले तर डबे?"

"तेव्हा झाले होते," भाऊजी म्हणाले. "मी आधी तपासून बघितलं नव्हतं. घाई केली. तू मला एका शब्दाने बोलला नाहीस, दादा. बोलला असतास तर बरं झालं असतं."

मी डोकावून पाहिलं. हे भाऊजींच्या गुडघ्यावर हात ठेवून बसले होते.

दुसऱ्या दिवशी भाऊजींनी रजा घेतली, आयुष्यातली दुसरी. सकाळीच आले, हातात स्वतःचा लॅपटॉप. त्याच्यावर ते अपडेट आधीच झालेलं होतं. त्यात त्यांनी यांची सगळी बटणं, सगळी वाक्यं आणून बसवली होती. लॅपटॉप शिलाई मशीनवर जुन्याच्या शेजारी ठेवला आणि म्हणाले, "दाब. एकेक दाबून बघ. सगळी बघून झाल्याशिवाय आपण पुढे जायचं नाही."

यांनी सगळी दाबली. "पाणी दे. कोण आहे? दार लावून घे." खालून औषधांच्या दुकानदाराने वर हाक मारून विचारलं, सगळं ठीक आहे ना? "मला ऐकू येतं, ओरडू नका," यांनी त्याला उत्तर दिलं. आम्ही तिघं हसलो. यांचं हसणं म्हणजे नळीतून फुसफुस, पण खांदे हलले. शेवटचं कोपऱ्यातलं बटण तेवढं यांनी सोडलं. भाऊजींनी ते बघितलं.

"आता जुन्यावर अपडेट तूच लाव," भाऊजी म्हणाले. "माझा हात नको."

यांनी लावलं. गोल फिरायला लागलं. भाऊजींनी स्टूल लांब, भिंतीपाशी नेलं. मी पडद्यांचा ढीग मांडीवर घेऊन टाके घालत बसले आणि दोन वेळा सुई बोटात घुसवून घेतली. एका ठिकाणी टक्के असे अडकले की हलेचनात. यांचा अंगठा मांडीवरून उचलला गेला. मी बघत होते, भाऊजीही बघत होते. "हा इथे वेळ घेतोच," भाऊजी तिथूनच म्हणाले. यांनी दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि त्यावर बसून राहिले, शाळेतल्या पोरासारखे.

पडदा काळा झाला. मग उजळला. या वेळी पूर्ववत वगैरे काही लिहून आलं नाही. मागचं चित्र आलं आणि हळूहळू त्यावर बटणं उमटली, सगळी, आपापल्या नावांसह. डबा एकही नव्हता.

भाऊजी जागचे हलले नाहीत. भिंतीला डोकं टेकून नुसते बघत होते. मला वाटलं, आता उठतील, तपासतील, अजून एकदा रीस्टार्ट करू म्हणतील. पण त्यांच्यात उठायचं त्राणच नव्हतं. चेहरा इतका थकलेला, की इतके दिवस मी तो रोज बघत होते आणि पाहिला नव्हता असं वाटलं.

यांनी माऊस हातात घेतला. पाण्याचं बटण सोडलं, दाराचं सोडलं, खाली खाली गेले, कोपऱ्यापर्यंत. आणि दाबलं.

"पुरे आता. घरी जा. झोप जरा."

तोच आवाज. वैतागलेला, भरलेला, खालच्या दुकानापर्यंत जाणारा. बंद खिडक्यांच्या त्या संध्याकाळचा. हे भावाकडे वळून बघत होते आणि यांचे डोळे भरून आले होते.

भाऊजी उठले नाहीत. यांना वाटलं ऐकू गेलं नाही, म्हणून यांनी आवाज वाढवायला हात पुढे केला.

"ऐकलं, दादा," भाऊजी डोळे मिटूनच म्हणाले. "जातो. अजून एकदा लाव."